गाणं पाच मिनिटांचं, एडिटिंगचं बिल किती तासांचं?

स्टुडिओला फोन कराल तेव्हा दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: तास कधीपासून मोजणार? माइक लावायला घेतल्यापासून, रेकॉर्डिस्ट संगणकासमोर बसल्यापासून, की पहिला कट मारल्यापासून? ताशी दर कमी सांगायचा आणि फाइली शोधण्याचे, नावं लावण्याचे, पेन ड्राइव्हवर कॉपी करण्याचे तासही बिलात धरायचे, असं झालं की स्वस्त स्टुडिओ महागात पडतो. ‘शिफ्ट’वर बुकिंग असेल तर शिफ्ट किती तासांची, त्यात जेवणाची सुट्टी धरली आहे का आणि वेळ वाढली तर पुढचा तास कोणत्या दराने, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

तुम्ही भजनी मंडळाचे अभंग रेकॉर्ड करून घेणार असाल, कीर्तनाचं रेकॉर्डिंग साफ करून हवं असेल, पॉडकास्ट किंवा पुस्तकवाचन घरी करून एडिटिंग बाहेर देणार असाल, तर पुढची माहिती तुमच्या उपयोगाची आहे.

आधी काम नेमकं कोणतं ते वेगळं करा. एडिटिंग म्हणजे ट्रॅक लावणं, टेक (एकच गाणं पुन्हा पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंगं) निवडणं, तुकडे कापणं-जोडणं, खोकला आणि खुर्चीची करकर काढणं. मिक्सिंग त्यानंतर येतं: आवाजाच्या पातळ्या, इक्यू, रिव्हर्ब. मास्टरिंग सगळ्यात शेवटी. तिन्हीचा मिळून एकच आकडा सांगितला तर ‘यात एडिटिंगचे तास किती धरलेत?’ असं विचारा. वाद बहुतेक वेळा त्या तासांवरूनच होतो.

तुकडा कापला म्हणजे गेला का?

नाही. हे कळलं की निम्मी फसवणूक टळते. ट्रॅकवर आवाजाचा जो लांबट ठोकळा दिसतो त्याला एडिटिंगच्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळी नावं आहेत: क्युबेसमध्ये इव्हेंट म्हणतात, रीपरमध्ये आयटम, प्रो टूल्समध्ये क्लिप, लॉजिकमध्ये रीजन. गोष्ट एकच. मूळ आवाज डिस्कवरच्या वेगळ्या फाइलमध्ये असतो. ठोकळा फक्त सांगतो, की त्या फाइलमधलं इथून इथपर्यंत वाजव. तो कापला, सरकवला, पुसला, तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही. जास्त कापलं गेलं असेल तर ठोकळ्याची कड माउसने ओढायची, कापलेला शब्द परत येतो. काम दोन सेकंदांचं.

म्हणून ‘ती ओळ कापली गेली, पुन्हा गायला यावं लागेल’ असं कुणी सांगितलं तर लगेच नवी तारीख घेऊ नका. आधी मूळ फाइल उघडून दाखवायला सांगा. आवाज खरोखर जातो तो दोन प्रकारांनी. एक, कापलेल्या तुकड्यांवरून नवी फाइल बनवून (याला बाउन्स म्हणतात) जुनी काढून टाकली तर. दुसरं, डिस्कवर जागा करण्यासाठी ‘न वापरलेल्या फाइली काढा’ हा पर्याय चालवला तर. दोन्ही गोष्टी तुमच्या परवानगीशिवाय करायच्या नाहीत, हे सुरुवातीलाच बोलून ठेवा.

मला हे फार उशिरा कळलं. माझ्या मावशीच्या भजनी मंडळाने सहा अभंग रेकॉर्ड केले, दोन दिवसांत. स्टुडिओ बरा होता, माणसंही चांगली. बिलात मात्र ‘तयारी’ नावाखाली तीन तास लावलेले. विचारलं तेव्हा कळलं, की सगळे ट्रॅक ‘ऑडिओ १’, ‘ऑडिओ २’ अशाच नावांनी रेकॉर्ड झाले होते आणि एडिटिंगला बसलेल्या दुसऱ्या मुलाने एकेक वाजवून पखवाज कोणता, पेटी कोणती, हे शोधलं होतं. पैसे भरले. वर्षभराने एका अभंगातली एक ओळ बदलायची ठरली, तर प्रोजेक्ट सापडेना. हातात होत्या फक्त एमपी३. त्या बायकांनी भिशीतून साठवलेले पैसे होते ते. खालच्या खबरदाऱ्या तेव्हा कुणी सांगितल्या असत्या तर त्यातले बरेचसे वाचले असते.

नाव रेकॉर्डिंगच्या आधी

ट्रॅकला नाव कधी द्यायचं? रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी. बहुतेक सॉफ्टवेअर डिस्कवरच्या फाइलला त्या क्षणी ट्रॅकचं जे नाव असेल तेच देतं. नंतर पडद्यावर ट्रॅकचं नाव बदललं तरी फोल्डरमधल्या फाइलचं नाव जुनंच राहतं. चौदा ट्रॅक, प्रत्येकाचे पाच टेक, म्हणजे सत्तर फाइली, सगळ्यांचं नाव ‘ऑडिओ’. उद्या प्रोजेक्ट बिघडला आणि फाइलींवरूनच काम उभं करायचं झालं, तर या सत्तर फाइली ऐकण्याचे पैसे तुम्ही देणार.

नाव छोटं ठेवा: अभंगाचा क्रमांक, वाद्य, माइक. ‘०३_पखवाज_धुम’, ‘०३_पखवाज_शाई’, ‘०३_पेटी’, ‘०३_मुख्य’, ‘०३_कोरस_डावा’. प्रत्यक्षात ही नावं इंग्रजी अक्षरांत लिहा. देवनागरी नावाच्या फाइली जुन्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा झिप करताना बिघडू शकतात. नावात तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हं नकोत. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंफायनल’ ही नावं तर अजिबात नकोत. तारीख लिहा.

त्यानंतर सॉफ्टवेअरमधले ट्रॅकचे फोल्डर. तालवाद्यांचा एक, सुरांच्या वाद्यांचा एक, मुख्य आवाजाचा एक, कोरसचा एक. फोल्डरवर रंग. चौदा ट्रॅकचं काम चार ओळींत मावतं आणि जे नको ते मिटवून ठेवता येतं. फोल्डरने आवाजात काही फरक पडत नाही, पण रेकॉर्डिस्टची खाली-वर शोधाशोध थांबते. त्या शोधाशोधीचेही पैसे पडतात.

टेकची निवड घरी करा. पाच मिनिटांच्या गाण्याचे पाच टेक नुसते एकदा ऐकायचे तर पंचवीस मिनिटं लागतात. स्टुडिओचा दर ताशी १,००० रुपये धरला, तर एक सूरही न सुधारता चारशेहून अधिक रुपये संपतात. त्याऐवजी रेकॉर्डिंगच्या दिवशीच प्रत्येक टेकची कच्ची एमपी३ मागून घ्या. गाण्याचे शब्द कागदावर लिहा. प्रत्येक ओळीपुढे कोणत्या टेकमधली ओळ घ्यायची त्याचा आकडा टाका: पहिली ओळ टेक ३, दुसरी टेक ३, तिसरी टेक ५ पण शेवटचा शब्द टेक २. शंका असेल तिथे दोन आकडे. हा कागद घेऊन गेलात की रेकॉर्डिस्ट थेट कापायला घेतो. हे काम त्याच संध्याकाळी करा. आठवड्याने कोणता टेक का आवडला होता ते आठवत नाही.

एक कट जवळून पाहा

समजा ओळीचा शेवटचा शब्द ‘पंढरी’ आहे. ओळ टेक तीनमधली चांगली, पण हा शब्द टेक दोनमधला. कट कुठे मारायचा? ‘प’च्या अगदी आधी. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात आणि क्षणभर आवाज थांबतो. पडद्यावर तिथे रेघ सपाट दिसते. त्या सपाट जागी दोन्ही तुकडे भेटवायचे, पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यायचा, म्हणजे एक तुकडा विझताना दुसरा उजळतो. जोड ऐकू येत नाही. फेड दिला नाही तर ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तो स्पीकरवर निसटतो, हेडफोनवर मात्र नेमका कानाला लागतो.

हाच कट लांबवलेल्या ‘आ’काराच्या मधोमध मारला तर? दोन टेकमधला सूर, जोर आणि तोंडाचा आकार तिन्ही जुळावे लागतात. क्वचितच जुळतात. रेकॉर्डिस्ट वीस मिनिटं तिथेच अडकतो. म्हणून कागदावर टेक निवडताना व्यंजनापाशी किंवा श्वासापाशी तुटेल असे तुकडे निवडा. आलापाच्या मधला अर्धा भाग बदलायचा हट्ट धरू नका, पूर्ण आलाप बदला.

श्वास त्याच्या ओळीबरोबर ठेवा, कट श्वासाच्या आधी. सगळे श्वास काढून टाकायला सांगू नका. गाणारं माणूस गुदमरल्यासारखं वाटतं. मोठा वाटणारा श्वास थोडा हळू करता येतो.

आता भजनी मंडळाची खरी अडचण. सगळे एका खोलीत बसून गायले, तर टाळांचा नाद मुख्य गायिकेच्या माइकमध्येही शिरलेला असतो. फक्त गायिकेचा ट्रॅक कापून तिथे दुसरा टेक लावला, की टाळांच्या ट्रॅकवर एक नाद आणि गायिकेच्या ट्रॅकवर दुसरा, असा घोळ होतो. कटच्या जागी टाळाची घुमती शेपटी तुटल्यासारखी ऐकू येते. अशा वेळी सगळे ट्रॅक एकाच जागी, एकत्र कापावे लागतात. क्युबेसमध्ये फोल्डर ट्रॅकवर बरोबरच्या चिन्हासारखं (=) गटाचं बटण असतं. रीपरमध्ये आयटम निवडून ‘जी’ दाबला की गट होतो, ‘एस’ दाबला की सगळे एकदम कापले जातात. गट न करता एकच माइक पुढे-मागे सरकला तरी नुकसान होतं. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे एवढ्याशा सरकण्यानेही पखवाजाची धुम पोकळ वाटू लागते. ‘पखवाज रेकॉर्डिंगच्या दिवशी भरदार होता, आता का नाही?’ असं वाटलं तर हे तपासायला सांगा, वाद्यावर नवा प्लगइन चढवायला नाही.

हा खर्च टाळायचा सोपा मार्ग रेकॉर्डिंगच्या दिवशीच असतो. मुख्य गायिका वेगळ्या खोलीत किंवा निदान आडोशाला. तानपुरा स्पीकरवर नको, सगळ्यांच्या हेडफोनमध्ये. खोलीत तानपुरा वाजत असेल तर प्रत्येक कटला त्याचं आवर्तन तुटतं, आणि ते लपवण्यात तास जातात. तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, शेवटी टाकता येतो. लय पक्की हवी असेल तर क्लिक किंवा तबल्याचा लूप हेडफोनमध्ये देऊन गा. मग मात्रा पडद्यावरच्या उभ्या रेघांवर बसतात आणि एका कडव्याचा कोरस उचलून दुसऱ्या कडव्यात ठेवणं मिनिटभराचं काम होतं. लय वाढत जाणारा गजर असेल तर क्लिक लावू नका, त्यातला जीव जाईल. तिथे एडिटिंगला जास्त वेळ लागणार हे धरून चाला आणि त्याचे पैसे आनंदाने द्या.

बोलण्याचं रेकॉर्डिंग

पॉडकास्ट, मुलाखत, वाचन. साठ मिनिटांच्या गप्पा एकदा ऐकायलाच साठ मिनिटं लागतात. कापताना थांबावं लागतं, कापून झाल्यावर पुन्हा ऐकावं लागतं. म्हणजे नीट केलेलं काम दोन-तीन तासांच्या आत होत नाही. ‘तासाभरात देतो’ म्हणणारा बहुधा शांतता आपोआप कापणारं यंत्र चालवतो. त्यात बोलणाऱ्याने विचार करण्यासाठी घेतलेली जागाही जाते. तसं चालणार असेल तर दरही तसाच द्या.

घरी करताना तीन गोष्टी फुकट आहेत आणि नंतरचे बरेच पैसे वाचवतात. पंखा-एसी बंद करून सुरुवातीला तीस सेकंद कुणीही न बोलता खोली रेकॉर्ड करा. कापलेल्या जागी हाच शांत आवाज भरता येतो. दोघं वेगवेगळ्या फोनवर किंवा रेकॉर्डरवर रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा. दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत, तासाभरात आवाज एकमेकांपासून सरकू लागतात. दोन टाळ्या जुळवल्या की मधलं ताणून बसवता येतं. वाचताना चूक झाली की थांबा, टाळी वाजवा, वाक्य पहिल्यापासून वाचा. पडद्यावर टाळीचा सुळका दिसतो, चुका शोधाव्या लागत नाहीत.

स्वतः कापणार असाल तर ‘रिपल’कडे लक्ष ठेवा. या सोयीत मधला तुकडा काढला की पुढचं सगळं मागे सरकतं. रीपरमध्ये ती एका ट्रॅकपुरती लावता येते किंवा सगळ्या ट्रॅकना. दोघांच्या गप्पा असतील तर सगळ्यांनाच लावा. एकालाच लावलीत तर पहिल्या कटनंतर पाहुणा प्रश्नाआधीच उत्तर देऊ लागतो.

सॉफ्टवेअर: कशाला किती

फक्त बोलणं कापायचं असेल तर ऑडेसिटी. मोफत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर. तिसऱ्या आवृत्तीपासून सगळा प्रोजेक्ट एका फाइलमध्ये साठतो, त्यामुळे हरवत कमी. मात्र ट्रॅकचे फोल्डर नाहीत. दहा-बारा वाद्यांच्या कामाला घेऊ नका.

मॅक असेल तर गॅरेजबँड मोफत आहे आणि त्यातला प्रोजेक्ट पुढे लॉजिक प्रोमध्ये उघडतो. मॅकवरचं लॉजिक प्रो एकदाच पैसे भरून घेता येतं, अमेरिकेत १९९.९९ डॉलर.

प्रो टूल्सची इंट्रो आवृत्ती मोफत आहे, पण ८ ऑडिओ ट्रॅकपर्यंतच. भजनी मंडळ त्यात मावणार नाही.

माझं मत विचाराल तर विंडोजवर शिकायला रीपर. ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येतं, एकही सोय बंद नसते. त्यानंतरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा, व्यावसायिक २२५ डॉलरचा. सवलतीचा परवाना व्यक्तीला वैयक्तिक वापरासाठी चालतो, आणि धंद्यासाठी वापरत असाल तर वर्षाची एकूण मिळकत २०,००० डॉलरच्या आत असली पाहिजे. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरगुती स्टुडिओंना ६० डॉलरचाच पुरतो. डॉलर ९० रुपये धरला तर ५,४००. विक्रेत्याने १८ टक्के जीएसटी लावला तर ६,३७२. कार्डावर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के असेल तर तो आणि त्यावरचा कर धरून ६,६०० च्या पुढे. जाहिरातीतल्या डॉलरला नुसता गुणाकार करून थांबू नका, शेवटचा आकडा नेहमी जास्त असतो.

क्युबेसची पूर्ण आवृत्ती शेकडो डॉलरची आहे, पण ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) विकत घेताना खोक्यात सोबत काय येतं ते पाहा. अनेक इंटरफेसबरोबर क्युबेस एलई किंवा एबलटन लाइव्ह लाइट यांसारख्या छोट्या आवृत्त्या मिळतात. नोंदणीचा कोड खोक्यातल्या कार्डावर किंवा कंपनीच्या खात्यात असतो. जुना इंटरफेस घेत असाल तर विकणाऱ्याने कोड वापरला आहे का ते विचारा. जुनं क्युबेस डोंगलसकट (परवान्याच्या यूएसबी किल्लीसकट) स्वस्तात मिळतंय? घेऊ नका. आवृत्ती १२ पासून, म्हणजे २०२२ पासून, डोंगल गेलं आणि जुन्या डोंगलची परवाना-सेवा कंपनीने मे २०२५ मध्ये बंद केली.

मासिक वर्गणीच्या सॉफ्टवेअरला कार्ड जोडलंत तर पैसे आपोआप कापले जाण्याआधी बँकेने किमान २४ तास अगोदर कळवायचं असतं. तो निरोप वाचा. एका गाण्यासाठी घेतलेली वर्गणी वर्षभर चालू राहते ती निरोप न वाचल्याने. आणि संगणक दुरुस्त करणाऱ्याने ‘फुकट टाकून देतो’ म्हटलेली क्रॅक कॉपी नको. तिच्यासोबत व्हायरस येतात, आणि ऐन कामाच्या दिवशी प्रोजेक्ट उघडला नाही तर कुणाकडे दाद मागणार?

काय घेऊन जायचं

बाहेरच्या रेकॉर्डिस्टला काम देताना प्रोजेक्ट फाइल एकटी पाठवू नका. तिच्यात आवाज नसतो, फक्त कोणता तुकडा कुठे याची नोंद असते. शिवाय एका सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट दुसऱ्यात सहसा उघडत नाही. सगळ्यात सुरक्षित म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल, सगळ्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, सारख्या लांबीच्या. अशा फाइली कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाकल्या की आपोआप जुळतात. त्या तशा नसतील, तर जुळवण्याचे पैसे वेगळे.

सोबत एक कागद: गाण्याचं नाव, पट्टी, ताल, लय, ट्रॅकची यादी, सॅम्पल रेट आणि बिट, टेकचे आकडे टाकलेले शब्द, तुमचा फोन. सॅम्पल रेट लिहायचा कारण ४४.१ किलोहर्ट्झची फाइल न बदलता ४८च्या प्रोजेक्टमध्ये वाजली, तर पांढरी एकचं गाणं काळी एकच्याही वर जाऊन बसतं. आणि वेगही वाढतो.

जागा किती लागेल? ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका माइकचा एक मिनिट सुमारे ८.६ एमबी. पाच मिनिटांचं गाणं, बारा ट्रॅक, एक टेक: ५२० एमबीच्या आसपास. पाच टेक ठेवले तर अडीच जीबी. गुगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत ते बसतं. व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. ऑडिओ किंवा व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो.

हार्ड डिस्क नेत असाल तर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली. ती विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता-वाचता येते. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. जुना पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबीने लिहीत असेल तर २० जीबी कॉपी व्हायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. तेवढा वेळ बिलात धरणार का, ते आधीच विचारा. कीर्तनासारखं तीन तासांचं अनेक माइकचं रेकॉर्डिंग असेल तर रेकॉर्डर एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन फाइली करतो. त्यांचा क्रम बदलू नका, नावं बदलू नका, कार्डवरचं सगळं फोल्डर जसंच्या तसं द्या.

लेखी काय घ्यायचं

मोठा करार नको. एक संदेश पुरे, पण त्याला समोरून ‘हो’ असं उत्तर यायला हवं. त्यात हे असू द्या: एकूण रक्कम किंवा ताशी दर आणि जास्तीत जास्त तास, तास पूर्ण धरणार की अर्धा-अर्धा, किती वेळा दुरुस्ती मोफत (दोनदा हे रास्त), सूर दुरुस्त करणं यात आहे का, काम कधी देणार, फाइली किती दिवस ठेवणार, आणि प्रोजेक्टसकट सगळं तुम्हाला मिळणार.

सूर दुरुस्तीबद्दल नक्की विचारा. अनेक ठिकाणी ती एडिटिंगमध्ये धरत नाहीत, आवाजागणिक वेगळे पैसे लावतात. कोरसमध्ये आठ जणी असतील तर आठ पट. कोरसला सहसा तिची गरजही नसते. थोडं मागे-पुढे असण्यातच समूहाचा आवाज येतो.

जीएसटी लावला असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक मागा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी घेता येत नाही. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. निदान तिसरा हिस्सा फाइली हातात पडेपर्यंत ठेवा.

रेकॉर्डिंग कुणाचं, हेही लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. पैसे मंडळाने दिले, तारीख मंडळाने ठरवली, तर निर्माता मंडळच. पण कागदावर तसं असलं की भांडण होत नाही. संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत. चाल मात्र एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असेल तर ती मोफत नाही. प्रसिद्ध करण्याआधी परवानगी पाहा.

दुरुस्त्या सांगताना एकदाच, वेळेसकट सांगा. ‘२:१४ ला श्वास मोठा’, ‘३:४० ला टाळ तुटतो’. मंडळातल्या दहा जणींनी दहा फोन केले तर प्रत्येक फोन वेगळी दुरुस्ती धरली जाते. एकीच्या हाती वही द्या, सगळ्यांचं तिने लिहावं, एकच संदेश जावा.

काम घेताना

शेवटची एमपी३ हे पूर्ण काम नाही. मागायचं हे: अंतिम वेव्ह फाइल, कापून-जोडून झालेल्या प्रत्येक ट्रॅकची वेव्ह, मूळ न कापलेल्या फाइली आणि प्रोजेक्ट. प्रोजेक्ट बाहेर काढताना सगळा आवाज सोबत नेणारा पर्याय वापरायला सांगा. क्युबेसमध्ये तो फाइलच्या यादीत प्रोजेक्टचा बॅकअप म्हणून आहे, रीपरमध्ये ‘सेव्ह अॅज’च्या चौकटीत सगळं माध्यम प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची खूण असते, प्रो टूल्समध्ये ‘सेव्ह कॉपी इन’. क्युबेसच्या बॅकअपमध्ये फाइली लहान करण्याची आणि न वापरलेल्या काढण्याची अशा दोन खुणा असतात. त्या दोन्ही रिकाम्या ठेवायला सांगा. टिक केल्या की न निवडलेले टेक आणि कापलेल्या कडा कायमच्या जातात, आणि मग वर सांगितलेलं दोन सेकंदांचं काम होत नाही.

डिस्क हातात आली की तिथेच उठू नका. ती दुसऱ्या संगणकाला लावा, स्टुडिओतल्याच दुसऱ्या किंवा तुमच्या लॅपटॉपला. एक गाणं उघडा. ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप आला तर आवाज अजून स्टुडिओच्या मशीनवरच आहे. मध्येच कुठूनही वाजवून पाहा, पखवाजाचा ट्रॅक एकटा ऐका, मुख्य आवाज एकटा ऐका. घरी गेल्यावर सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर करा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. राहिलेला तिसरा हिस्सा त्यानंतर द्या.